लिंबावरची अळी आणि माझे उलटे बाण

"बाबा, तुमच्या भिंतीवर फुलपाखराची अळी होते," असा फोन मला यंदा श्रावण सरता सरता आला.

फोन करणाऱ्या बाई म्हणजे आमच्या नगरकडच्या बेलापूरच्या पुढं एक वस्तीवरची शाळा आहे, तिथल्या नव्या मॅडम. आवाज गोड, पण बातमी वाईट. मला आधी काही उमगलंच नाही. मी म्हणालो, "मग? होत असंल."

"अहो बाबा, अळीचं फुलपाखरू होतं ना? तुमच्या भिंतीवर अंड्यातून थेट फुलपाखरू निघतंय, त्या फुलपाखराचा कोश होतोय आणि कोशातून अळी बाहेर येतेय. बाण उलटे आहेत. तपासणीला साहेब येणार, त्यांना मी काय सांगू? छापील स्टिकर मागवलेत मी. ती भिंत पुसून घेते. तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला."

मी म्हणालो, "पुसू नका. मी येतो."

फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं, मी जाऊन तरी करणार काय? भिंत सरकारची, शाळा सरकारची, चूक तेवढी माझी. पण त्या भिंतीवरची अळी माझी नाही. ती माझ्या बायकोनं, कमलनं काढलेली आहे. उभ्या आयुष्यात तिनं काढलेलं ते एकच चित्र. तिच्याशिवायची ही दुसरी दिवाळी. तिचा एक फोटो आहे घरात, लग्नातला, त्यात ती मला भिऊन उभी आहे. म्हणजे तो फोटो खोटा. खरं काय ते त्या भिंतीवर.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, की तुम्ही जन्मभर शाळांच्या भिंतींवर निसर्ग रंगवला, पोरांना निसर्गाचं कुतूहल लावलं, त्यावर लिहा. मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावलाय. निसर्ग मी रंगवला हे खरं. बघितला मात्र कधी नाही. मी कॅलेंडरं बघितली.

माझं शिक्षण चौथी. अक्षर बरं, म्हणून पाट्या रंगवायला लागलो. पहिली पाटी बेलापुरात एका किराणा दुकानाची. ती कशी करायची ते बघायला सायकलवर श्रीरामपूरला गेलो, तिथली एक झकास पाटी कागदावर उतरवून आणली आणि दुकानाचं नाव तेवढं बदलून जशीच्या तशी रंगवली. त्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रवी आर्ट' लिहिलेलं होतं. मला वाटलं, हे पाटीवर लिहायचंच असतं. मीही लिहिलं. दुकानदाराला पाटी आवडली, पुढच्या गिऱ्हाईकानं विचारलं तर तो म्हणाला, रवी पेंटरनं केलीय. झालं. माझं नाव बबन. पण अख्ख्या तालुक्यात मी रवी. नक्कल करावी तर अशी, की करणाराच नाहीसा झाला पाहिजे. खरा रवी पुढं कधी भेटला नाही हे माझं नशीब.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही चित्र काढत नाही, खाका मारतो. खाका म्हणजे काय, तर कागदावर चित्र उतरवायचं, त्याच्या रेषेरेषेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर हळूहळू आपटत जायची. कागद काढला की भिंतीवर काळे ठिपके. ठिपके जोडले की वाघ. वाघ काढायला वाघ बघावा लागत नाही, भोकं बघावी लागतात. माझ्याकडं वाघ, हत्ती, मोर, पोपट, हंस असे सगळे खाके गुंडाळी करून ठेवलेले. राहात्यापासून पारनेरपर्यंत कुठल्याही शाळेत जा, एकच पोपट एकाच पेरूला चोच मारताना दिसेल. तो माझा. बिचाऱ्याला पेरू काही खाता आला नाही.

पुढं फ्लेक्स आला आणि पाट्यांचा धंदा बसला. मग आम्ही सगळे पेंटर शाळांच्या 'बोलक्या भिंतीं'वर आलो. बोलक्या म्हणजे पोरांनी बघून शिकावं अशा. गिऱ्हाईक नवीन, तऱ्हा नवीन. पारनेर तालुक्यात एका गावच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष मला म्हणाले, "शेजारच्या गावच्या भिंतीवर पेंग्विन हाय."

मी म्हणालो, "व्हय, मीच काढलाय."

"मग आपल्याला दोन पायजेत."

दिले दोन. खाक्यात शेजारी नारळाचं झाड होतं, ते पण दिलं. त्या गावात प्यायला टँकर आणि भिंतीवर नारळाखाली बर्फातले दोन पेंग्विन. एक पोरगं बराच वेळ मागं उभं होतं. शेवटी म्हणालं, "बाबा, ह्या कावळ्यांच्या पोटाला कुनी चुना लावला?"

मी म्हणालो, "गप. परदेशी कावळे हायेत ते."

पोरांना मी असंच ठोकून द्यायचो. पोरं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. पैसे देत नाही, सारखं पाठीमागं उभं राहतं आणि विचारत बसतं. मासा झोपतो का? मोराला लाज वाटती का? मी एक तर उत्तर ठोकायचो, नाही तर ब्रश झटकायचो म्हणजे शिंतोडे उडून ती पळायची.

कमलचं तसं नव्हतं. फ्लेक्स आल्यावर हाताखाली माणूस ठेवणं परवडेना, तशी ती माझ्याबरोबर यायला लागली. मी रेघा ओढायच्या, तिनं आत रंग भरायचा. ती कधी शाळेत गेली नव्हती. लहानपणी राहात्याकडं बापाच्या शेळ्या राखायची, शाळा बघितली ती कुंपणाबाहेरून. म्हातारी झाली तरी तिची ती शेळ्यांमागची खोड गेली नव्हती. रस्त्यानं चालताना मधेच उकिडवी बसायची. मी पुढं जाऊन वळून बघायचो, तर ही मातीत काहीतरी न्याहाळतेय.

"आवो, हिकडं या. ही मुंगी मेलेल्या मुंगीला घिऊन चाललीया."

"जाऊ दे तिला. आपल्याला यस्टी गाठायचीय."

पोरं तिच्याभोवती जमायची. त्यांनी काही विचारलं की ती उत्तर द्यायची नाही. देणार कुठून, तिला तरी काय ठाऊक. ती म्हणायची, "चल, बघू." आणि ब्रश टाकून त्यांच्याबरोबर निघायची. इकडं माझा मोर अर्धा हिरवा, अर्धा चुन्याचा. मी बोंबलायचो. ती लांबूनच म्हणायची, "तुमचा मोर कुटं पळून चाललाय का?"

पाण्याच्या टाक्यांवर गावाचं नाव घालायचं काम पण आम्ही करायचो. ते काम जरा वंगाळ. टाकीच्या कडेवरून खाली लोंबकळून लिहावं लागतं. माझ्या डोक्याला फडकं, कमरेला दोरी, दोरीचा एक फेरा वरच्या कठड्याला आणि टोक कमलच्या हातात. पाय टाकीला टेकवून, अंग मागं टाकून मी लिहायचो. ती वरून गप्पा मारायची. एकदा म्हणाली, "आवो, मला शिंक आली तर वं?"

मी म्हणालो, "तर माझ्या जागी दुसरा बघ."

"दुसरा बघायचा असता तर कवाच शिंकले असते," ती म्हणाली.

तर ती वस्तीवरची शाळा. तेव्हा तिथं एक जुने गुरुजी होते. त्यांना फुलपाखराचं जीवनचक्र पाहिजे होतं. वर अंडी, उजवीकडं अळी, खाली कोश, डावीकडं फुलपाखरू आणि मधे घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरणारे बाण. पुस्तकातलं चित्र त्यांनी दिलं, मी त्याचा खाका केला. बाण खाक्यात घालत नाहीत, ते शेवटी हातानं ओढतात.

कमलनं खाका बघितला आणि म्हणाली, "ही अळी कुटली?"

"पुस्तकातली."

"हितली न्हाई ही. हितली त्या लिंबावर हाय." शाळेमागं कागदी लिंबाचं झाड होतं. पोरांना घेऊन गेली आणि एक डहाळी मोडून आली. रंगाचा रिकामा डबा घेतला, धुऊन त्यात डहाळी उभी केली, वर पातळाचा तुकडा बांधला. आत हिरवीगार, जाडजूड अळी. तिला काडी लावली की डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढायची आणि घाण वास सोडायची. पोरं किंचाळायची, नाक दाबायची आणि परत काडी लावायची.

मी म्हणालो, "कमळे, आपण रंगवायला आलोय का अळ्या पाळायला?"

"ही अळी मी काढनार," ती म्हणाली.

मी हसलो. खरंच हसलो, शिडीवर बसून. ती चिडली आणि ब्रश घेऊन भिंतीपाशी बसली. उजव्या बाजूला ऊन होतं म्हणून डाव्या बाजूला सावलीत बसली आणि तिथंच अळी काढायला लागली. डबा शेजारी, पोरं भोवती. पोरं सांगायची, "आजी, इथं पांढरा पट्टा हाय." ती काढायची. झाल्यावर मी बघितलं. घोसाळ्याला शिंगं फुटल्यासारखं दिसत होतं. पण एक गोष्ट होती. पोरं त्या चित्राला काडी लावून बघत होती. माझ्या वाघाला कधी कुणी घाबरलं नव्हतं.

मग म्हणाली, "कोश मात्र बघून काढा. त्यो तुमच्यावानी बसतुया. कमरंला दोरी बांधून."

"काहीतरीच. पुस्तकात सरळ खाली लोंबतोय."

"पुस्तकातला लोंबत असंल. लिंबावरला न्हाई लोंबत. थांबा जरा, हिचा हुईल तवा दावते."

थांबायचं म्हणजे किती? मी म्हणालो, "उद्या उरकायचंय." पण उद्या उजाडला तो निराळाच. तिला आधीपासून दम लागत होता, त्या दिवशी तो सुटेचना. नगरला नेलं. नळ्या लावल्या. तिथं ती दिवसेंदिवस बारीक होत गेली. हात तर पोरीच्या हातासारखे झाले. एकदा मला म्हणाली, "डब्यातलं निघालं का?"

मी शाळेकडं फिरकलोही नव्हतो. म्हणालो, "निघालं की."

"रंग कसला?"

मी पुस्तकातला सांगितला. "पिवळाधमक."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. "लिंबावरलं पिवळं नसतंय. काळं असतंय, ठिपक्याठिपक्याचं." आणि म्हणाली, "ठोकून देयाची सवय जायाची न्हाई तुमची." हे ती माझ्याशी बोललेलं जवळजवळ शेवटचं. दुसरं कुणी असतं तर काहीतरी चांगलं बोललं असतं.

तेराव्यानंतर मी भिंत पुरी करायला गेलो. डब्यात नुसती वाळकी डहाळी होती. गुरुजी म्हणाले, "राहू द्या हो आत्ता." मी म्हणालो, "नाही, उरकून टाकतो." आणि आता माझी हुशारी ऐका. खाक्यात अळी उजवीकडं, भिंतीवर कमलची अळी डावीकडं. जुळेना. मग मी खाका पालथा केला. झकास बसला. अळीच्या जागी अळी आली, फुलपाखरू गेलं उजवीकडं. ठिपके मारले, रंग भरला, फुलपाखरू तेवढं तिनं सांगितलेलं काळं केलं, कोश पुस्तकातल्यासारखा सरळ लोंबता काढला आणि शेवटी हातसवयीनं बाण ओढले. घड्याळाच्या काट्याप्रमाणं. जन्मभर तसेच ओढले होते. चित्र पालथं झालंय तर बाणही पालथे करावेत, एवढं त्या दिवशी टाळक्यात आलं नाही. खाली 'रवी आर्ट' लिहिलं आणि निघून आलो.

ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींच्या नाही, तपासणीवाल्यांच्या नाही, पालकांच्या तर नाहीच. भिंतीकडं कोण बघतो?

तर मॅडमचा फोन आल्यावर मी पिशवी भरली. त्यात ब्रश नव्हते. छन्नी आणि हातोडा होता. माझा बेत असा, की भिंत पुसणारच असतील तर अळीपुरता गिलावा चौकोनी कापून काढायचा आणि घरी आणायचा. घरी आणून ठेवायचा कुठं, ओझं उचलणार कोण, गिलावा फुटला तर काय, याचा काही विचार नव्हता. सरकारी शाळेची भिंत फोडताना म्हाताऱ्याला पकडलं, अशी बातमी तुम्ही वाचायची ती थोडक्यात राहिली.

शाळेत पोचलो तर व्हरांड्यात रंगाचे डबे ओळीनं मांडलेले. माझेच जुने, ओघळ आलेले. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. मी उभाच राहिलो. मॅडम बाहेर आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. म्हणाल्या, "बसा बाबा, पाणी घ्या. हे डबे बघताय ना? मी येण्याच्या आधीपासून पोरं करतात हे. पाऊस झाला की लिंबावरच्या अळ्या आणून ठेवायच्या. तुमची चूक मला सापडली नाही हो. ह्यांनी दाखवली."

'ह्यांनी' म्हणजे दारात गर्दी करून उभी पोरं. त्यांच्यात पुढं एक तिसरीतली पोरगी, रुबीना. कमरेवर हात.

"तुमीच का रवी?" ती म्हणाली.

"न्हाई, मी बबन."

"मग रवी कोन?"

"मला बी माहीत न्हाई."

पोरं खदखदली. रुबीना हसली नाही. "डबेवाल्या आजीचे तुमी कोन?"

मी म्हणालो, "नवरा."

ती मॅडमकडं वळून म्हणाली, "तरीच." कशाला तरीच, ते मी विचारलं नाही.

मॅडमनी टेबलावर स्टिकरची गुंडाळी उलगडली. छपाई फार देखणी, आपल्या बापजन्मात जमायची नाही. "हे इथं लावायचं म्हणते मी. चालेल ना बाबा?" पिशवीतली छन्नी माझ्या मांडीला टोचत होती.

रुबीनानं स्टिकरवर नाक टेकवून बघितलं. "मॅडम, ही अळी लिंबावरली न्हाई."

"अगं, कुठली का असेना, अळी आहे ना?"

"हिला शिंगं न्हाईत," मागून एक पोरगं म्हणालं.

"आजीच्या अळीला हायेत," दुसरं म्हणालं.

मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. "आता सांगा बाबा. मी काय करू यांचं?" मग पोरांना म्हणाल्या, "पण भिंतीवर चुकीचं ठेवून कसं चालेल?"

रुबीना म्हणाली, "बानच चुकल्यात न्हवं? बान फिरवा. अळी ऱ्हाऊ द्या."

मी एवढा छन्नी-हातोडा घेऊन आलो आणि निकाल तिसरीतल्या पोरीनं दिला. मॅडम म्हणाल्या, "जमेल का हो?" मी म्हणालो, "आत्ता करतो." आणि पिशवीत हात घातला तेव्हा आठवलं, ब्रश घरी राहिलेत. मग पोरांच्या चित्रकलेच्या पेटीतले ब्रश घेतले. रंग तेवढा शाळेत होता, दार रंगवून उरलेला. बाणाचं टोक छन्नीनं खरवडायचं आणि दुसऱ्या अंगाला काढायचं. छन्नीचा एवढाच उपयोग झाला.

बाण झाले. मी उठायला लागलो तर रुबीना म्हणाली, "कोश बी चुकलाय."

"आता त्याला काय झालं?"

ती डबा घेऊन आली. फडकं सोडलं, म्हणाली, "बघा."

मी चष्मा पुसला. गुडघे बोलत होते, तरी उकिडवा बसलो. उभ्या जन्मात मी डब्यात रंग सोडून काही बघितलं नव्हतं. डहाळीला एक हिरवट गाठोडं चिकटलं होतं. ते लोंबत नव्हतं. बूड डहाळीला टेकवलेलं, अंग मागं टाकलेलं आणि पाठीवरून एक दोरा, केसाहून बारीक, दोन्ही बाजूंनी डहाळीला बांधलेला. टाकीवर मी जसा असायचो, अगदी तस्सा. फक्त डोक्याला फडकं नव्हतं.

मागं पोरं एकमेकांना ढोसत होती. बहुतेक त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

"दिसली का दोरी?" रुबीना म्हणाली.

"दिसली."

"आजोबा, दोरीचं टोक कोन धरतंय?"

मला ठोकून देता आलं असतं. तोंडावर आलंही होतं काहीतरी. पण म्हणालो, "चल, बघू." आणि दोघांनी डब्यात तोंड घातलं. तिचे डोळे चांगले, तिला आधी दिसलं.

"कुनीच न्हाई," ती म्हणाली. "त्यानं सोताच बांधलीया. दोन्ही टोकं."

"मग पडत न्हाई?"

"पडला का? तुमीच बघा की."

मी बघितलं. पडला नव्हता. मग भिंतीवरचा लोंबता कोश पुसला आणि डबा शेजारी ठेवून, बघून बघून नवा काढला. बघून काढलेलं माझं हे पहिलं चित्र. भेंडीसारखं झालंय. शेजारी तिचं घोसाळं. दोरी काढायला पोरांचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि श्वास धरून एक रेघ ओढली. दोन्ही टोकं डहाळीला बांधली.